कार्बन कोठून आला

आमच्या प्रयोगशाळेत झेनॉनचा दिवा एकच होता. सूर्यप्रकाशाच्या जवळचा प्रकाश तो देतो, आणि प्रकाशाच्या बळावर पाण्यातून किंवा हवेतून इंधन मिळवू पाहणाऱ्या प्रत्येकाला त्याच्यासमोर आपली पाळी येईपर्यंत थांबावे लागे. सोमवारी सकाळी पांढऱ्या फळ्यावर आठवड्याचे रकाने आखले जात आणि ज्याने त्याने आपल्याला हवी ती वेळ लिहायची अशी पद्धत होती. नाव लिहायला मी नेहमी सगळ्यांच्या नंतर उठत असे. त्यामुळे माझ्या वाट्याला बहुधा जेवणाची वेळ किंवा शनिवारची संध्याकाळ येई. मला कोणी मागे ठेवले होते असे नाही. फळ्यापर्यंत पोहोचेपर्यंत इतरांची नावे लिहून झालेली असत, एवढेच.

संशोधनाला मी चाळिशी उलटल्यावर आले. त्याआधी सुरतेतल्याच एका शाळेत अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवत होते. वडील बँकेच्या बदलीवर येथे आले आणि निवृत्तीनंतरही येथेच राहिले. घरात शुद्ध मराठी बोलण्याचा आग्रह होता, बाहेर सगळे गुजराती. दोन्हींच्या मध्ये मी लहानपणीच गप्प राहायला शिकले. एम. एस्सी.ला माझे गुण चांगले होते. पुढे शिकावे असे सगळे म्हणत होते, पण लग्न, मुलगी, शाळा यांच्या ओघात ते राहून गेले. मुलगी शिकायला बडोद्याला गेली त्या वर्षी मी शाळेतून दोन वर्षांची बिनपगारी रजा घेतली आणि विद्यापीठातल्या एका प्राध्यापकांकडे नाव नोंदवले. पहिल्या दिवशी त्यांनी माझी इतरांशी ओळख ‘आपणां बेन’ अशी करून दिली. तेव्हापासून सर्वांसाठी मी बेन झाले. एकीचा अपवाद होता. ती मला ताई म्हणे.

ही मुलगी पंचविशीची. पांडेसऱ्याला राहायची. वडील तिथल्याच एका कापड रंगवणाऱ्या प्रोसेस हाऊसमध्ये कामाला, घर मूळचे खानदेशातले. आईचा फोन आला की ती बाजूला न जाता, आम्हा सगळ्यांसमोर, “माय, मी लॅबमाच शे,” असे म्हणून अहिराणीत सुरू होई, फोन ठेवून सरांशी गुजरातीत बोले, मशीन दुरुस्त करायला आलेल्या माणसाशी हिंदीत भांडे, आणि वळून मला विचारी, “ताई, चहा?” एका भाषेतून दुसरीत जाताना ती दाराचा उंबरठाही ओलांडत नसे. मी मात्र बैठकीत बोलायचे वाक्य आधी मनात मराठीत जुळवी, मग गुजरातीत फिरवी, मग त्यात काही चूक तर नाही ना हे तपासून पाही. तोवर विषय पुढे गेलेला असे.

पण तिचा हेवा मला भाषेवरून वाटला नाही. तो तिच्या रेघेवरून वाटला.

ही रेघ काय असते ते सांगायला हवे. ग्राफीन म्हणजे कार्बनच्या अणूंची जाळी, जाडी एकाच अणूची. प्रकाश पडल्यावर टायटॅनियम डायऑक्साइडसारख्या पदार्थात इलेक्ट्रॉन सुटा होतो, पण क्षणार्धात तो आपल्याच रिकाम्या जागी परत पडतो आणि प्रकाश वाया जातो. ग्राफीन सोबत असेल तर ते त्या इलेक्ट्रॉनला मधल्यामध्ये उचलून दूर नेते. तेवढ्या अवधीत त्याला कामाला लावता आले, की पाण्यातून हायड्रोजन निघतो. हा माझा विषय. तिचा विषय त्याच कुळातला, पण अधिक देखणा: ग्राफीन ऑक्साइडच्या पापुद्र्यांवर तांब्याच्या ऑक्साइडचे सूक्ष्म कण बसवायचे आणि त्यावर प्रकाश टाकून कार्बन डायऑक्साइडपासून कार्बन मोनॉक्साइड बनवायचा. त्यापासून पुढे द्रव इंधन करता येते. धुराड्यातून जाणारा वायू पुन्हा इंधन होऊन परत येईल, ही कल्पना हजिऱ्याच्या कारखान्यांच्या वाटेवरून ये-जा करणाऱ्या कोणालाही आवडेल अशीच आहे. प्रयोग संपल्यावर बंद पात्रातला थोडा वायू पिचकारीने काढून क्रोमॅटोग्राफ नावाच्या यंत्रात सोडायचा. यंत्र वायू वेगवेगळे करते आणि पडद्यावर एक रेघ सरकत जाते. हवा तो वायू असेल तर ठरलेल्या जागी ती रेघ उठून शिखर होते. शिखर जितके उंच, तितका वायू जास्त.

माझे शिखर टेकाडाएवढे असे. रोज तेवढेच. सर त्याकडे पाहून “स्थिर छे,” म्हणत आणि पुढे जात. तिची रेघ उठू लागली की आसपासचे दोघे-तिघे आपले काम टाकून पडद्यामागे येऊन उभे राहत. रेघ चढत जाई, पडद्याच्या वरच्या कडेला टेके, आणि ती मापाची पट्टी बदलून चित्र लहान करी, म्हणजे शिखर पडद्यात मावावे. ही तिची पट्टी बदलण्याची क्रिया मला फार लागे. माझ्या बाबतीत पट्टी उलट्या दिशेने बदलावी लागत असे.

घरी मी याबद्दल बोलत नाही अशी माझी समजूत होती. ती चुकीची असावी, कारण एका संध्याकाळी भाजी निवडताना मी गप्प आहे हे पाहून यजमान म्हणाले, “आज काय केलं तुझ्या सवतीनं?” मी हसले. पण त्या दिवशी खरोखरच तिचे शिखर आधीच्यापेक्षा उंच गेले होते, आणि मी ते घरी सांगितले नव्हते.

जानेवारीत सरांनी बैठक बोलावली. दिव्याचा आतला बल्ब आयुष्याच्या शेवटाला आला होता. प्रकाश मंद होत चालल्याचे मोजमापात दिसत होते. नवा बल्ब यायचा होता, पण तोही किती तास चालेल हे ठरलेलेच असते. सर म्हणाले, की अनेकांनी थोडा थोडा वापरल्यामुळे कोणाचेच काम पुरे होत नाही. म्हणून होळीनंतर नवा बल्ब एकाच पदार्थाला द्यायचा. वर्षभर. तोपर्यंत ज्याचे काम भक्कम दिसेल त्याला. बाकीच्यांनी दुसरी मोजमापे करायची किंवा बाहेर कोठे सोय होते का पाहायची.

इतर संशोधकांचे काम वर्षभर दिवा नसला तरी दुसऱ्या मोजमापांवर भागणार होते. प्रश्न आम्हा दोघींचाच होता, आणि तो कोणी उच्चारला नाही. माझी रजा जूनपर्यंत होती. दिवा मिळाला नाही, तर हायड्रोजनचे काम अर्धवट टाकून शाळेत परतायचे, आणि पुन्हा कधी येणे होईल असे मानण्याइतकी मी आता तरुण नव्हते. तिच्यापुढे सगळे आयुष्य होते. हा विचार मी त्या दिवसांत इतक्यांदा केला, की तिचे वय हाच तिने माझ्यावर केलेला एक अन्याय आहे असे मला वाटू लागले.

हेवा माणसाला निरीक्षक बनवतो. एरवी मी दुसऱ्याच्या टेबलाकडे पाहत नाही. पण त्या महिन्यात तिचे काम मला माझ्याइतकेच पाठ झाले. ती काचेच्या चकतीवर पदार्थाची पेस्ट पसरी तेव्हा हात कसा फिरवते, पात्राची क्वार्ट्झची काच कशाने पुसते, प्रयोग लागला की कानात इयरफोन घालून काय ऐकते, सगळे. ती वेगात काम करी. एक प्रयोग झाला की चकती बादलीत टाकी आणि नवी घेई. नवी चकती, नवी पेस्ट, नवे शिखर.

हे शेवटचे माझ्या लक्षात राहिले, त्याला कारण माझा स्वभाव आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे एकच लिटमसची पट्टी अर्धी फाडून वापरण्याची मला सवय. माझी चकती मी धुऊन, वाळवून पुन्हा पुन्हा वापरी, आणि तिच्यावर रोज तेवढाच हायड्रोजन येई, म्हणून तर माझे काम ‘स्थिर’ होते. उत्प्रेरक म्हणजे जो काम करवून घेतो आणि स्वतः शिल्लक राहतो. हे मी इतक्या वर्षांत इतक्या वर्गांना सांगितले आहे, की त्याचा अर्थ मला जवळजवळ दिसेनासा झाला होता. तिची वापरलेली चकती पुन्हा दिव्याखाली ठेवली तर काय होईल, हे कोणी पाहिलेच नव्हते.

एक दिवस तिने घाईत नवी पेस्ट केली नव्हती म्हणून कालचीच चकती लावली. मी शेजारी बसले होते. रेघ उठली, पण अर्ध्यावर येऊन थांबली. ती म्हणाली, पेस्ट सुकली असेल. आणि दुसऱ्या दिवशी नव्या चकतीवर शिखर पुन्हा पडद्याबाहेर गेले, तेव्हा ती गोष्ट ती विसरलीही.

मी विसरले नाही. घरी जाताना बसमध्ये मी विचार करत होते. तिने नियमाप्रमाणे दोन उलट चाचण्या केल्या होत्या. प्रकाश बंद ठेवून पाहिले होते, वायू आला नव्हता. पदार्थ न ठेवता नुसता प्रकाश टाकून पाहिले होते, तरीही नाही. म्हणजे प्रकाशही हवा, पदार्थही हवा. सगळे एवढ्यावर समाधानी होते. पण ग्राफीन ऑक्साइड हा मुळात कार्बनच आहे, आणि त्याच्या अंगावर ऑक्सिजनचे गट चिकटलेले असतात. कार्बन आणि ऑक्सिजन दोन्ही त्याच्या घरातलेच. प्रकाशात ते गट तुटून बाहेर पडले, तर कार्बन मोनॉक्साइड होण्यासाठी त्याला बाहेरच्या कार्बन डायऑक्साइडची गरजच काय? पात्रात कार्बन डायऑक्साइड न भरता आर्गॉन भरून पाहायला हवे होते. तिसरी चाचणी. ती कोणी केली नव्हती.

माझा उधना दरवाज्याचा थांबा आला तरी मी उतरले नाही, पुढच्या थांब्यावर उतरले. आनंद झाला होता असे म्हणणे अपुरे आहे. त्या आनंदाला चव होती.

तिला एकटीला गाठून सांगता आले असते. पण माझ्या प्रकृतीच्या माणसाला एकाशी बोलणे सर्वांसमोर बोलण्याइतकेच अवघड असते, आणि एकदा बोलायचेच, तर ते सरांनीही ऐकावे असे मला वाटले. पुढच्या बैठकीत तिने आपली आलेखांची मालिका दाखवली. सर खूश होते. शेवटी त्यांनी सवयीने विचारले, कोणाला काही विचारायचे आहे का, आणि सवयीनेच कागद गोळा करू लागले.

“हा कार्बन कोठून आला?” मी म्हणाले.

वाक्य मराठीतच बाहेर पडले. फिरवायला वेळच मिळाला नाही. सर थांबले. तिने माझ्याकडे पाहिले आणि सर्वांसाठी ते गुजरातीत सांगितले; म्हणजे माझा तिच्याविरुद्धचा प्रश्नही तिनेच पोहोचवला. मग म्हणाली, “कार्बन डायऑक्साइडमधून, ताई. दुसरा कुठून?”

“आर्गॉन भरून पाहिलं आहेस?”

“नाही.”

“मग पात्रात दोन कार्बन आहेत. एक बाहेरून भरलेला, एक तुझ्या ग्राफीनचा. कोणता बाहेर पडतो, ते कसं सांगणार?”

मग ती हसली. तिला खोटे हसता येत नाही. जे आले ते आले. “बरं. पण मग ताई, तुमचा हायड्रोजन तरी पाण्याचा की मिथेनॉलचा?”

आता सगळेच हसले. माझ्या पाण्यात मी थोडे मिथेनॉल घालत असे; ते न घातल्यास माझे टेकाडही सपाट होते. माझ्या हायड्रोजनचा बराचसा भाग त्या मिथेनॉलमधूनच येतो हे खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होते, मलाही. तरी मी खाली पाहिले नाही. सर हसले नाहीत. ते म्हणाले, बेनचा प्रश्न बरोबर आहे, आर्गॉन लावा. मग खाली वाकून त्यांनी आपल्या वहीत काही लिहिले, आणि इतक्या महिन्यांत माझ्या बोलण्यावर त्यांनी काही लिहून घेतल्याची ती पहिलीच वेळ होती.

आर्गॉन मात्र संपलेला होता. सिलिंडर इच्छापोरहून येत, आणि टेम्पो यायला आठवडा लागेल असे कळले. तो आठवडा मी कसा काढला हे मला अजून नीट सांगता येत नाही. मला तिची हार हवी होती. दुसरे काहीही नको होते. आणि ती नेमकी त्या आठवड्यात रोज माझ्याशी जास्त बोलू लागली. तिला तो प्रश्न आवडला होता. जेवताना ती मला विचारी, ऑक्सिजनचे गट कोणत्या प्रकाशात तुटतात, निळा प्रकाश गाळून टाकला तर काय होईल. एका दुपारी तिने पोंक आणला. थंडीत कोवळ्या ज्वारीची हिरवी कणसे भाजून काढलेला, वर लिंबू-मिरीची शेव. कागद माझ्यासमोर पसरून म्हणाली, “खा ना ताई. अख्ख्या सुरतेला पोंक आवडतो, तुम्हीच कशा अशा बसता?” मी खाल्ला. तो चांगला होता, आणि तो तिने आणला होता म्हणून मला पुरता आवडला नाही.

सिलिंडर आला त्या सकाळी तिने नवी चकती केली, नेहमीसारखे थोडे पाणी घातले, आर्गॉनने पात्र धुऊन घेतले आणि दिवा लावला. तास उलटल्यावर पिचकारीने वायू काढला. यावेळी पडद्यामागे कोणी आले नाही. सगळे आपापल्या जागी बसून कान इकडे लावून होते. मी तिच्या शेजारी उभी होते. रेघ सपाट सरकत राहिली. मग, ठरलेल्या जागी, उठली.

नेहमीपेक्षा जराशी कमी. जराशीच. पट्टी बदलावी लागली नाही, पण पडदा जवळजवळ भरला.

तिने तोच वायू पुन्हा सोडला. पुन्हा तेच. मग खुर्ची मागे सरकवून चकती बाहेर काढली, प्रकाशाकडे धरून पाहिली आणि हळूच म्हणाली, “म्हणजे हे स्वतःलाच खातंय.”

तिचे डोळे भरले होते. मी ते पाहिले. मला वाटले होते, की हे पाहिल्यावर माझ्या छातीवरचे काहीतरी उतरेल. तसे थोडे झालेही. पण ते फार वेळ टिकले नाही, कारण जेवणाच्या सुट्टीनंतर ती परतली तेव्हा तिच्या हातात नवी चकती होती आणि चेहऱ्यावर काहीच उरले नव्हते. फळ्यावरची माझी शनिवारची वेळ तिने पाहिली, मला विचारून ती उसनी घेतली आणि एकाच चकतीवर पुन्हा पुन्हा दिवा लावून बघू लागली: ग्राफीन किती खाल्ले जाते, कधी थांबते, थांबल्यावर जे उरते ते खरा कार्बन डायऑक्साइड वापरते का. शेवटी एक लहान शिखर उरत होते. माझ्या टेकाडाएवढे. आर्गॉनमध्ये ते उठत नव्हते, म्हणजे तेवढे तरी खरे होते.

होळीच्या आधी सरांनी निर्णय सांगितला. दिवा तिला.

कारण त्यांनी समजावून सांगितले, आणि त्यात चुकीचे काही नव्हते. ग्राफीनवर काम करणारे अनेकजण ही चूक करत असणार. ती कशी होते, किती होते, आणि ती टाळून उरणारे खरे काम कसे वाढवता येईल, हा प्रश्न मोठा आहे. बेनचे काम चांगले आहे, पण त्यात आता नवीन काय उरले? मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, की हा प्रश्न तुमच्यामुळे उभा राहिला, लेखात तुमचा उल्लेख नक्की होईल. मी मान हलवली. माझ्या प्रश्नाने तिचे उत्तर पाडले होते, आणि त्याच प्रश्नाने तिला दिवा मिळवून दिला होता. हे मी स्वतःच्या हाताने केले होते, आणि दुसऱ्या कोणी केले असते त्यापेक्षा ते मला जास्त जड गेले.

बैठकीनंतर ती मला खाली चहाच्या गाडीवर घेऊन गेली. ती उत्साहात होती. “ताई, तुम्ही विचारलं नसतं तर मी उद्या लेख लिहून मोकळी झाले असते आणि कोणीतरी परदेशातून माझे वाभाडे काढले असते. आता तुम्ही माझ्यासोबतच काम करा. दोघी मिळून करू.”

चहावाल्याने ग्लास समोर ठेवले. माझ्या मनात वाक्य जुळवून झालेले नव्हते. तरी मी बोलले. “मला तुझ्यासोबत काम नको आहे. मला दिवा हवा आहे.”

ती रागावेल असे मला वाटले होते. तिने चहाचा घोट घेतला. “मग सरांना सांगा ना.”

“त्यांनी निर्णय दिला.”

“तुम्ही मागितला होता?”

मी ग्लास फिरवत राहिले. “ताई,” ती म्हणाली, “मी जानेवारीपासून रोज त्यांच्या केबिनमध्ये जाऊन मागतेय. तुम्ही एकदा तरी गेलात?”

या वाक्याने मला जे झाले ते लाज नव्हती. तो पुन्हा हेवाच होता, आधीपेक्षा उघडा. मला वाटत होते की दिवा कामाच्या बळावर मिळतो, आणि ती मात्र रोज जाऊन मागत होती, आणि मागण्यात तिला काहीच कमीपणा वाटत नव्हता. मी चहा अर्धा ठेवून वर गेले. जिन्यातच थांबले असते तर परत फिरले असते, म्हणून थांबले नाही.

सर निघण्याच्या तयारीत होते. मी दारातच म्हणाले, की मला नव्या बल्बवर काम करायचे आहे, मिथेनॉल न घालता, नुसत्या पाण्यावर; ग्राफीनचा थर बदलून पाहायचा आहे, ते कसे करायचे ते मी ठरवले आहे. वाक्ये अडखळत आली, अर्धी गुजरातीत, अर्धी मराठीत. सरांनी पिशवी खाली ठेवली.

“बेन, तमे तो जूनमां पाछा स्कूलमां जवाना,” ते म्हणाले. म्हणजे जवळजवळ दोन वर्षे ते मला पाहुणी समजत होते. माझ्या कामाची तिच्या कामाशी खरी तुलना झालीच नव्हती. मी जाणार हे धरूनच दिवा दुसऱ्याला दिला होता, आणि मी थांबणार आहे असे मी कधी सांगितले नव्हते.

“रजा वाढवून घेईन,” मी म्हणाले. “नाही मिळाली तर नोकरी सोडेन.”

घरी हे विचारलेले नव्हते. तोंडातून निघाल्यावरच मला ते खरे वाटले.

सरांनी खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाले, की दिलेला शब्द मागे घेता येणार नाही, दिवा आता तिचा आहे. पण ती उशिरा येते, सकाळी दिवा रिकामा असतो. तिला विचारा. तिची हरकत नसेल तर सकाळ तुमची.

म्हणजे पुन्हा तिलाच विचारायचे. ती अजून खालीच होती, चहावाल्याला हिंदीत चहातल्या आल्याबद्दल काही सुनावत होती. सरांपेक्षा तिला विचारणे मला अधिक कठीण गेले. माझे बोलणे संपण्याआधीच ती म्हणाली, “घ्या ना. मला पांडेसऱ्याहून यायला तसाही उशीर होतो. फक्त माझ्या काचेला हात लावू नका, तुम्ही हातमोजे घालत नाही.” आणि माझा अर्धा राहिलेला, थंड झालेला चहा दुसऱ्या ग्लासात ओतून तिने गरम करून घ्यायला सांगितले.

ती विचारासाठी क्षणभरही थांबली नव्हती. वर्षभराच्या दिव्यातला मोठा वाटा तिने चहा सांगावा तसा देऊन टाकला. मला जे मागायला इतके दिवस लागले, ते द्यायला तिला काहीच लागले नाही. तिचे शिखरही मला कधी हवे झाले नव्हते इतके हे हवे झाले. शिखर मी कदाचित कधीतरी मिळवेन. हे मात्र मला कोणत्या पदार्थातून काढता येईल ते ठाऊक नाही.

यजमानांनी त्या संध्याकाळी फारसे काही विचारले नाही. नोकरी सोडण्याचे मी सांगितल्यावर ते इतकेच म्हणाले, “सवतीनंच शिकवलेलं दिसतंय.” रजा पुढे एक वर्ष वाढवून मिळाली, त्यामुळे तशी वेळ आली नाही.

आता मी सकाळी लवकर जाते. इमारतीत त्या वेळी झाडणाऱ्या बायकांखेरीज कोणी नसते. नव्या बल्बचा प्रकाश पांढरा आणि तीव्र आहे; चष्म्याशिवाय त्याकडे पाहता येत नाही. मिथेनॉलशिवायचे माझे शिखर अजून फार लहान आहे, पण ते रेघेपासून सुटे उठते आणि नुसत्या पाण्याचे आहे. अकराच्या सुमारास जिन्यात तिचा फोनवरचा अहिराणी आवाज ऐकू येतो, मग ती आत येते, पिशवी टाकते आणि माझ्या पडद्यात डोकावून म्हणते, “आज थोडा वाढला ना, ताई?”

मी हो म्हणते. मग हातमोजे घालून तिच्यासाठी पात्र धुऊन, पुसून मोकळे करून देते. दिवा बंद करायला मात्र मी थोडा जास्त वेळ घेते, आणि तोवर ती आपल्या चकतीवर पेस्ट पसरत बसते.